देश तसा मोटारीचा चेहरा

देश तसा वेष ही म्हण मोटारींनाही लागू पडते, याची जाणीव आम्हांस एका जुन्या विद्यार्थ्याने अमेरिकेतून धाडलेल्या छायाचित्राने करून दिली. त्याची मोटार आणि आमच्या शेजाऱ्यांची मोटार एकाच नावाची; परंतु वळण्याचा इशारा देणारा मागचा दिवा तिकडे लाल, इकडे नारिंगी. हा फरक रेखाटणाऱ्याच्या लहरीचा नव्हे. अमेरिकेचा कायदा लाल चालवून घेतो. युरोपचा आणि आपला नारिंगीच मागतो.

कायद्याने रूपाशी केलेली खरी दांडगाई मात्र पुढच्या दिव्यांबाबत. १९४० पासून पुढे कितीतरी वर्षे अमेरिकेत ठराविक मापाचे, सीलबंद दिवेच सक्तीचे होते. फ्रान्सच्या सित्रोएनने १९६७ साली आपल्या डी. एस. मोटारीचे मुख नव्याने घडविले : नितळ काचेआड चार दिवे, आणि त्यांतील आतले दोन चाकांबरोबर वळणारे! अंधारात वळणापुढचा रस्ता उजळावा, ही केवढी उपयुक्त कल्पना. अमेरिकेत काच काढावी लागली, दिवे अचल करावे लागले. चष्मा हरवलेल्या गृहस्थाप्रमाणे ती मोटार बावरलेली दिसते, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

ब्रिटनच्या एम. जी. बी. या छोटेखानी मोटारीची गत याहून चमत्कारिक. अमेरिकेतील बंपरविषयक नियमांपायी १९७४ च्या उत्तरार्धात तिच्या चकचकीत बंपरांच्या जागी जाड, काळे, रबरासारखे नाक आले आणि गाडी जमिनीपासून उंचही झाली. दोन तऱ्हा घडविणे परवडेना. म्हणून ज्या इंग्रजांना तो नियम लागूच नव्हता, त्यांच्याही पदरी तेच नाक पडले.

आपल्याकडे कात्री चालविली ती कराने. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंतच्या, लहान इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के झाले. २००८ साली आलेली मारुतीची स्विफ्ट डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती. २०१२ साली ती ३९९५ झाली. शेपूट आखडले आणि डिकी ४४० लिटरांवरून ३१६ वर आली. लग्नसराईत ट्रंका, पिशव्या आणि फराळाचे डबे घेऊन निघणाऱ्या कुटुंबास हे सव्वाशे लिटर म्हणजे काय, ते सांगावयास नको. २०१७ च्या आवृत्तीत लांबी तेवढीच राखून डिकी ३७८ लिटरांची करण्यात आली. उरलेले सामान प्रवाशांच्या मांडीवर.