व्याज सगळीकडे सारखे, तरी माणसे उठून गेली

१९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यात पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र होती. मुंबईच्या सेंट्रल बँक, बँक ऑफ इंडिया, युनियन बँक आणि देना बँकही होत्या. पुढच्या काही वर्षांत तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत, कुणाच्या वाड्यातल्या भाड्याच्या खोलीत शाखा उघडल्या. ज्या घरांना अडीनडीला सावकाराखेरीज दुसरे दार माहीत नव्हते, त्या घरांत पासबुक आले. हे काम फार मोठे होते. मात्र तेव्हापासून एक समज बँकांच्या मनात घर करून बसला, तो असा की खाते चालू आहे म्हणजे खातेदार आपला आहे. त्यानंतरची पन्नासहून अधिक वर्षे या समजाची परीक्षा घेत आली आहेत.

सत्तर-ऐंशीच्या दशकात पैसे काढायचे म्हणजे अर्धा दिवस गेलाच. स्लिप आणि पासबुक काउंटरवर द्यायचे, क्लार्क पितळी टोकन हातात ठेवी. मग जाडजूड लेजर उघडले जाई, नोंद होई, स्लिप अधिकाऱ्याच्या टेबलावर जाई. तिथे नमुन्याच्या सहीशी सही ताडून पाहत, आणि शेवटी जाळीमागचा कॅशियर टोकनचा नंबर पुकारी. सही जरा हलली की पुन्हा पहिल्यापासून. रुपया-पैशाचा हिशेब चोख होता. बाकावर ताटकळणाऱ्या माणसाचा वेळ तेवढा कुणाच्या हिशेबात नव्हता. बचत खात्यावर व्याजही महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर मिळे. १२ तारखेला रक्कम भरली, तर त्या महिन्यात तिच्यावर दमडीही नाही. रोजच्या शिलकीवर व्याज मिळायला १ एप्रिल २०१० उजाडावा लागला.

तरीही त्या काळाबद्दल जुने खातेदार आपुलकीने बोलतात, आणि ते उगाच नाही. निरक्षर बाईची स्लिप भरून देणारा कारकून त्याच शाखेत होता. उसाचे बिल जमा झाल्याचा निरोप गावाकडे निघालेल्या माणसाजवळ देणारा शिपाईही तिथलाच. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये उडुपीत सुरू केलेली पिग्मी ठेव तर आपल्याकडच्या सहकारी बँका आणि पतसंस्थांनी गल्लीगल्लीत नेली. संध्याकाळी एजंट दुकानाच्या पायरीशी येई, दहा-वीस रुपये घेई, कार्डावर नोंद करून सही करी. गल्ला सोडून बँकेत जाणे ज्याला परवडत नव्हते, त्याच्याकडे बँक चालत आली. ती संस्था दुकानदाराने पिढ्यान्‌पिढ्या सोडली नाही.

ही माया मात्र माणसावर जडलेली होती. कारकुनाची बदली झाली की ती ओसरे. चांगली सेवा ही एखाद्याच्या स्वभावाची देणगी राहिली, बँकेची रीत झाली नाही. सत्तरच्या दशकातच आर. के. तलवार यांच्या गटाने ग्राहकसेवेच्या सुधारणा सुचवल्या. १९९१ मध्ये गोईपोरिया समितीचा अहवाल आला. कर्मचाऱ्यांनी कामकाजाच्या वेळेआधी १५ मिनिटे हजर व्हावे, वेळ संपण्यापूर्वी आत आलेल्या प्रत्येकाचे काम करून द्यावे, अशा तिच्या शिफारशी होत्या. इतकी साधी गोष्ट समितीला लिहून द्यावी लागली, यातच काउंटरपलीकडची तेव्हाची हवा कळते.

१९९३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नव्या खासगी बँकांना दार उघडले आणि पुढच्या दोन वर्षांत एचडीएफसी, आयसीआयसीआय, यूटीआय या बँका उभ्या राहिल्या. यूटीआय म्हणजेच आजची अ‍ॅक्सिस. मुंबई, पुणे, ठाणे, नाशिकचा नोकरदार वर्ग तिकडे वळला. तो जास्त व्याजासाठी गेला, असे म्हणायला जागाच नाही, कारण बचत खात्याचा दर २५ ऑक्टोबर २०११ पर्यंत रिझर्व्ह बँकच ठरवून देत असे आणि तो सगळीकडे एकच होता. उलट नव्या बँकांत जास्त शिल्लक ठेवावी लागे. व्याज तेवढेच, अट कडक, तरी माणसे उठून गेली. कारण तिथे एटीएम होते, फोन उचलला जात होता आणि ‘उद्या या’ ऐकावे लागत नव्हते. सेवेची किंमत ग्राहक स्वतःच्या खिशातून मोजतो, याचा याहून स्वच्छ पुरावा मला दुसरा दिसत नाही.

सरकारी बँकांनी मग वेगाने संगणक आणले आणि कोअर बँकिंगमुळे कुठल्याही शाखेतून व्यवहार होऊ लागला. याच सुमारास, २०००-०१ मध्ये, स्वेच्छानिवृत्ती योजनेतून सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. संगणकामुळे रांग आटली हे चांगलेच झाले. पण खातेदाराला चेहऱ्याने ओळखणारे बरेच जण त्या लाखात होते.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेने वेगळाच धडा दिला. भांडुपला मुख्यालय असलेल्या या बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदाराला जेमतेम १,००० रुपये काढायची मुभा मिळाली. कर्जांचा फार मोठा वाटा एकाच बांधकाम समूहाकडे गेल्याचे लपवले गेले होते. शाखेतला गोड शब्द खरा असेल, पण ताळेबंद खोटा होता. ठेवीदाराशी खरे बोलणे हा सेवेचा पहिला भाग आहे. त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींचे विमासंरक्षण १ लाखावरून ५ लाख रुपये झाले.

सरकारी बँकांच्या विलीनीकरणांत १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक बँक ऑफ बडोदामध्ये आणि वर्षभराने सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली. खातेदारांच्या हाती नवा आयएफएससी कोड आणि नवे चेकबुक आले. बहुतेक जण राहिले. पण पेन्शन, कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, गॅसचे अनुदान हे सगळे एका खात्याला बांधलेले असताना जाणार कुठे? रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांनी २०१७ मध्ये मोबाइल नंबरप्रमाणे खाते क्रमांकही सोबत नेता यावा, असा आग्रह धरला होता. ती सोय अजून खातेदाराच्या हाती आलेली नाही.

२०१६ मध्ये यूपीआय आले आणि बँक रोजच्या व्यवहारात डोळ्याआड झाली. आता ती आठवते ती अडचणीतच. पैसे कापले गेले पण पोचले नाहीत, किंवा नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आलेल्या आजींचा झिजलेला अंगठा यंत्र ओळखत नाही. नियम बऱ्यापैकी माणुसकीचे आहेत. बँकेचा किंवा आपला दोष नसताना कुणी तिसऱ्यानेच खात्यातून पैसे नेले आणि आपण तीन कामाच्या दिवसांत कळवले, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या आदेशाप्रमाणे भुर्दंड आपल्यावर पडत नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना घरपोच सेवा द्यावी, असेही त्याच वर्षी सांगितले गेले. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. पण हे हक्क काउंटरवरून कुणी आपणहून सांगत नाही. तिथून बहुधा पुढे येतो तो विम्याचा अर्ज, कारण वरून आलेले टार्गेट त्याचे असते.

शाखेतल्या माणसाला तक्रार जागच्या जागी मिटवण्याचा अधिकार द्यावा आणि त्याचे काम विकलेल्या पॉलिसींऐवजी मिटलेल्या तक्रारींवर जोखावे. खाते सहज हलवण्याची सोयही खातेदाराला मिळाली पाहिजे. बँका तिला घाबरतील, पण जायची वाट मोकळी असताना किती जण थांबतात, हे कळल्याशिवाय त्यांना आपली खरी पत कळणार नाही.