एक युती, दोन नावं

13 ऑक्टोबर 2022. इटलीच्या नव्या सिनेटची पहिली बैठक. 86 वर्षांचे माजी पंतप्रधान सिल्व्हिओ बर्लुस्कोनी बाकावर बसले होते आणि त्यांच्यासमोर एक कागद होता. छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याने तो टिपला आणि मग साऱ्या देशाने वाचला. मित्रपक्षाच्या नेत्या जॉर्जिया मेलोनी यांच्या वागणुकीबद्दलची विशेषणं त्यावर हाताने लिहिलेली होती: आढ्यताखोर, दांडगट, उर्मट, लागट. या दोघांनी मिळून निवडणूक जिंकली त्याला तीन आठवडेही झाले नव्हते. मेलोनींनी उत्तर दिलं की यादीत एक गोष्ट राहून गेली आहे. आपल्याला कुणी ब्लॅकमेल करू शकत नाही.

इटलीच्या उजव्या-मध्यममार्गी युतीचं दुखणं मला या कागदात दिसतं. मतं एकत्र मोजायची म्हणून ही माणसं जवळ आली. एकमेकांवरचा विश्वास त्यांना कधी उभा करता आला नाही.

सुरुवात एका लाचेपासून झाली. 17 फेब्रुवारी 1992 रोजी मिलानमधल्या एका वृद्धाश्रमाचा प्रमुख मारिओ किएझा सफाईच्या कंत्राटदाराकडून 70 लाख लिरा घेताना पकडला गेला. तो धागा ओढता ओढता दोन वर्षांत सगळी राजकीय व्यवस्थाच उसवली. जवळपास अर्धशतक सत्तेत असलेला ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष 1994च्या जानेवारीत संपला. समाजवादी नेते बेत्तीनो क्राक्सी ट्युनिशियाला निघून गेले. कम्युनिस्टांना मत द्यायचं नाही, एवढं ज्यांचं पक्कं होतं ते लाखो मतदार उघड्यावर पडले. त्यातच 1993च्या नव्या कायद्याने तीन चतुर्थांश जागा एकसदस्यीय मतदारसंघांतून भरायच्या ठरल्या. म्हणजे जो मोट बांधेल, तो जिंकेल.

ती मोट बर्लुस्कोनींनी बांधली. 26 जानेवारी 1994 रोजी नऊ मिनिटांची ध्वनिचित्रफीत पाठवून त्यांनी राजकारणात उतरत असल्याचं जाहीर केलं. तीन दूरचित्रवाहिन्या आणि एसी मिलान हा फुटबॉल संघ त्यांच्या मालकीचे होते. पक्षाचं नाव, ‘फोर्झा इटालिया’, हीसुद्धा मैदानावरची आरोळी.

पण जागावाटपात अडचण होती. उत्तरेत उम्बेर्तो बोस्सींचा लेगा पक्ष, ज्याला रोमच्या हातातून उत्तरेचा पैसा आणि कारभार सोडवायचा होता. दक्षिणेत जानफ्रांको फिनींचा पक्ष, मुसोलिनीच्या अनुयायांनी 1946 मध्ये काढलेल्या संघटनेचा वारसदार, ज्याला राज्यसत्ता अखंड आणि बळकट हवी होती. बोस्सी फिनींबरोबर एका मांडवात बसायला तयार नव्हते. म्हणून युतीला दोन नावं दिली गेली: उत्तरेत ‘स्वातंत्र्याची आघाडी’, दक्षिणेत ‘सुशासनाची आघाडी’. उत्तरेत तर फिनींच्या पक्षाने लेगाच्या आघाडीविरुद्ध आपले उमेदवारही दिले. दोन्ही टोकं ज्यांच्या हातात होती, ते एकटे बर्लुस्कोनी. मार्चमध्ये युती जिंकली आणि डिसेंबरमध्ये लेगाने पाठिंबा काढून घेतल्यावर सरकार पडलं. 1996 मध्ये लेगा वेगळा लढला आणि उजव्यांची मतं जास्त असूनही सत्ता डाव्यांकडे गेली.

या धड्याने ते पुन्हा एकत्र आले. 2001च्या निवडणुकीआधी टीव्हीच्या स्टुडिओत लाकडी टेबलावर बर्लुस्कोनींनी ‘इटलीच्या जनतेशी करार’ म्हणून पाच वचनांवर सही केली आणि बहुमत मिळवलं. मग पाच वर्षं सत्ता होती, पण अर्थव्यवस्थेची वाढ रखडली, आणि पंतप्रधानांच्या स्वतःच्या खटल्यांना सोयीचे कायदे करण्यात संसदेचा वेळ गेला. देशाचा तो काळ वाया गेला, याचं मला अजून वाईट वाटतं.

2009 मध्ये, बर्लुस्कोनी पुन्हा पंतप्रधान असताना, फोर्झा इटालिया आणि फिनींचा पक्ष एकाच पक्षात विलीन झाले. पुढच्याच वर्षी फिनींनी भर सभेत नेत्याला जाब विचारला आणि बाहेर पडले. नोव्हेंबर 2011 मध्ये इटलीच्या कर्जरोख्यांवरचं व्याज जर्मनीच्या तुलनेत साडेपाच टक्क्यांनी वर गेलं. बर्लुस्कोनींनी राजीनामा दिला, तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाबाहेर जमलेल्या लोकांनी आनंदाने स्तोत्र गायलं.

ज्या पक्षाला मालक असतो, त्यात वारस तयार होत नाही. वारस आला तो एका लहान घटक पक्षातून. बर्लुस्कोनींच्या मंत्रिमंडळात 31व्या वर्षी मंत्री झालेल्या मेलोनींनी 2012च्या डिसेंबरमध्ये सहकाऱ्यांसह वेगळा पक्ष काढला. 2013 मध्ये त्याला दोन टक्केही मतं मिळाली नाहीत. 2021 मध्ये लेगा आणि फोर्झा इटालिया मारिओ द्रागींच्या सरकारात सामील झाले, तेव्हा त्या बाहेर राहिल्या. सत्तेचा मोह टाळल्याचं फळ 2022 मध्ये मिळालं: 26 टक्के मतं. लेगा नऊ टक्क्यांच्या खाली. विरोधक विखुरलेले होते, म्हणून युतीने 44 टक्क्यांच्या आसपास मतांवर कनिष्ठ सभागृहातल्या 147 एकसदस्यीय जागांपैकी 121 जिंकल्या. युतीला एक नाव होतं, पण आत दोन इटली तशाच होत्या. उत्तरेला स्वायत्तता देणारा लेगाचा आवडता कायदा 2024 मध्ये झाला आणि त्याच वर्षी घटनात्मक न्यायालयाने त्यातल्या महत्त्वाच्या तरतुदी रद्द केल्या.

बर्लुस्कोनी 12 जून 2023 रोजी गेले. वर्षभराने युरोपीय संसदेच्या निवडणुकीत फोर्झा इटालियाच्या चिन्हावर अजूनही त्यांचंच नाव छापलेलं होतं. 1994च्या राष्ट्रीय निवडणुकीत 86 टक्के मतदार मतदानाला आले होते. या वेळी निम्मेही आले नाहीत.