टोपणाच्या रंगात काय दडलंय?

पॅथॉलॉजी लॅबच्या पाटीवर मशीनची तारीफ असते. सुई, पट्टा आणि ट्यूब यांचं नाव कुणी काढत नाही. पण रिपोर्ट बिघडतो तो बहुतेक वेळा मशीनपाशी पोचण्याआधीच.

शीर सापडेना की पट्टा करकचून आवळला जातो आणि ‘मूठ उघडझाप करा’ अशी सूचना येते. त्याने शीर फुगते हे खरं. पण त्या कसरतीत स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि धडधाकट माणसाचा आकडा वाढलेला दिसतो. पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त ठेवू नये, हा नियम त्यासाठीही आहे. तो पाळताना मी फार थोड्यांना पाहिलंय.

पूर्वी काचेच्या सिरिंजने रक्त ओढून बाटलीत ओतत. सिरिंज उकळून पुन्हा वापरायची, सुईला धार लावायची, रक्त सांडायचं ते वेगळंच. अमेरिकेत जोसेफ क्लायनर यांनी 1940च्या दशकात आतली हवा काढून घेतलेली नळी तयार केली. 1949 साली तिचं पेटंट मिळालं. बेक्टन डिकिन्सन कंपनीने ती ‘व्हॅक्युटेनर’ नावाने विकली. सुईचं दुसरं टोक रबरी बुचात घुसलं की आतली पोकळीच रक्त खेचून घेते, आणि ठरलेल्या मापाला धार आपोआप थांबते.

हे माप फार महत्त्वाचं. निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये सोडियम सायट्रेट असतं, एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त असं. ट्यूब अर्धीच भरली तर सायट्रेट वरचढ होतं आणि रक्त गोठायला खोटाच उशीर दिसतो. वॉरफरिनची गोळी घेणाऱ्या हृदयरुग्णाचा डोस रक्त गोठायला लागणाऱ्या याच वेळेवर ठरतो.

जांभळ्या टोपणात ईडीटीए. ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं, म्हणून गाठ होत नाही आणि सीबीसीसाठी पेशी मोजता येतात. ट्यूब आठ-दहा वेळा अलगद उलटी-सुलटी करायची. खळाखळा हलवली तर तांबड्या पेशी फुटतात. बहुतेक ठिकाणी हे ईडीटीए म्हणजे पोटॅशियमचा क्षार असतो. म्हणून जांभळी आधी आणि लाल मागून भरली, तर सुईवरचा अंश लाल ट्यूबमध्ये जाऊन पोटॅशियम वर आणि कॅल्शियम खाली दिसू शकतं. निळी, लाल किंवा पिवळी, हिरवी, जांभळी, शेवटी करडी हा क्रम त्यातूनच आला.

करडी ट्यूब साखरेची. पेशी शरीराबाहेरही साखर खात राहतात. साध्या ट्यूबमध्ये तासाला पाच-सात टक्के साखर घटते. करड्या ट्यूबमधलं फ्लोराइड ही खादाडी थांबवतं असं आपण धरून चालतो. पण ते साखर पचवण्याच्या साखळीतली अगदी शेवटाकडची पायरी अडवतं, त्यामुळे पहिला तास-दोन तास गळती चालूच राहते. उपाशीपोटी 126ला मधुमेहाची सीमा असताना ही घट क्षुल्लक नाही. घरोघरी फिरून गोळा केलेली सॅम्पल्स दुपारी लॅबला पोचतात, तेव्हा बर्फाची पेटी सोबत आहे का, हे एवढ्यासाठी विचारावं.

एवढ्या ट्यूब भरण्याऐवजी बोटाच्या एका थेंबावर शेकडो तपासण्या करू, असं अमेरिकेतल्या ‘थेरानोस’ कंपनीने सांगितलं. त्यासाठी ‘नॅनोटेनर’ नावाची इवलीशी कुपी काढली. 2015मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलच्या जॉन कॅरीरू यांनी बिंग फोडलं. 2022मध्ये संस्थापिका एलिझाबेथ होम्स यांना गुंतवणूकदारांची फसवणूक केल्याबद्दल अकरा वर्षांहून अधिक शिक्षा झाली. फसवणूक होतीच, पण अडचण थेंबातही होती. बोट दाबून काढलेल्या रक्तात ऊतींमधला द्रव मिसळतो, पेशी फुटतात, आणि पोटॅशियमसारखे आकडे भरवशाचे राहत नाहीत. घरचा ग्लुकोमीटर त्याच थेंबावर चालतो, कारण त्याची पट्टी बोटाच्या रक्तासाठीच बनवलेली असते आणि तिला एकच प्रश्न विचारलेला असतो.