बोटं थबकतात तो क्षण

चार्ली चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ १९३१चा. संवाद नाहीतच, नुसतं संगीत. नजर गेल्यावर तो मला पुन्हा भेटला ऑडिओ डिस्क्रिप्शनमुळे, म्हणजे पडद्यावर घडतं ते मोजक्या शब्दांत सांगणाऱ्या आवाजामुळे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेगरी फ्रेझियर यांनी १९७०च्या दशकात या कल्पनेवर प्रबंध लिहिला. त्यांचे माझ्यावर उपकारच आहेत.

बोलपटात हे शब्द संवादांच्या फटीत बसवतात. इथे संगीतालाही वाट द्यावी लागते. सिनेमाच्या शेवटी, आधी आंधळ्या असलेल्या फुलवालीला आता दिसतंय. ती फाटक्या चार्लीच्या हातात नाणं ठेवते. त्याचा हात चाचपते. बोटं थबकतात. स्पर्शानंच ओळख पटते! ‘ती गहिवरली’ वगैरे निवेदक म्हणाला नाही. हालचाल तेवढी सांगून गप्प झाला. गहिवरलो मी.