फी माफ, मेस नाही

बारावीचा निकाल लागला की एसटी स्टँडपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत एक वाक्य ऐकू येतं: ‘मुलींचं शिक्षण आता फुकट झालंय.’ ते अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्ध्यावर भिस्त ठेवून घराचे हिशेब मांडले जातात.

8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने झालं ते एवढंच. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 2024-25 पासून शासन पूर्ण भरतं. आधी निम्मं भरत असे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न मात्र 8 लाखांच्या आत हवं.

‘कुठल्याही कॉलेजात चालतं.’ नाही चालत. जागा कॅप राउंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून मिळालेली हवी. मॅनेजमेंट कोट्यातला प्रवेश, खासगी अभिमत विद्यापीठ किंवा स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठ असेल तर सवलत नाही. कॅपची धाकधूक नको म्हणून घाईघाईने कोट्यातली जागा धरणाऱ्या पालकांना हे बहुधा फी भरल्यावर कळतं.

‘मुलांना काहीच नाही.’ याच प्रवर्गांतल्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या मुलांची निम्मी फी शासन भरतंच. अनुसूचित जाती-जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वेगळी आहे. नव्या निर्णयाशी तिची गल्लत नको.

‘फी माफ, म्हणजे खर्चच नाही.’ सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा. विकास शुल्क माफीत येत नाही. आणि गाव सोडून शिकायला आलेल्या मुलीचं कॉलेज सुटतं ते पुष्कळदा खोलीभाडं आणि मेसच्या पैशांपायी. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तिची रक्कम वर्षाला 60,000 रुपये, म्हणजे महिन्याला 5,000. पुण्यात कॉट बेसिसवर राहून दोन वेळची मेस लावलेल्या कोणालाही विचारा, त्यात काय भागतं. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. तो गावोगाव माहीत नाही, ही गोष्ट निराळी. माझं मत विचाराल तर अनुदान वाढवायचंच असेल, तर पुढचा रुपया वसतिगृहाच्या खाटेवर आणि ताटावर पडायला हवा.

‘एकदा फॉर्म भरला की झालं.’ महाडीबीटी या शासकीय पोर्टलवर दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वेळेत काढा आणि बँक खातं आधारशी जोडलंय ना, ते बघून घ्या. (सर्व्हर मुदतीच्या शेवटच्या दिवशीच का झोपतो, हे कोडं वेगळं.)

‘आधी भरा, मग सरकार परत देईल.’ शासन जी रक्कम भरणार आहे ती प्रवेशाच्या वेळी मुलींकडून घेऊ नका, असं कॉलेजांना बजावलेलं आहे. तरीही मागितली तर कोणत्या शुल्काचे किती पैसे, ते पावतीवर वेगवेगळं लिहून मागा.