जागा बदलली की काम बदलतं : पेशीतल्या एका प्रथिनाची गोष्ट



पेशीअंगकांच्या पाठात दोन टोपणनावं आपण हमखास पाठ करतो. तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाघर आणि लयकारिका म्हणजे आत्मघाती पिशव्या. त्यामुळे 'पेशी स्वतःला कशी संपवते?' असं कुणी विचारलं की आपण पटकन लयकारिकांचं नाव घेतो. पण शरीरात ज्या पेशी ठरवून, शिस्तीत मरतात, त्यांतल्या अनेकींच्या मरणाची किल्ली असते ऊर्जाघरातच! कशी ते आज पाहू.

ठरवून येणारा मृत्यू

आईच्या पोटात बाळाचा पंजा सुरुवातीला वल्ह्यासारखा सपाट असतो. बोटांच्या मधल्या पेशी मरतात, म्हणून पाच बोटं सुटी होतात. बेडकाच्या पिल्लाची शेपटीही अशीच नाहीशी होते. या मृत्यूला केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये 'अपॉप्टोसिस' हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे गळून पडणं, झाडाची पानं गळतात तसं. नवी पालवी यायची तर पानगळही हवीच ना!

सायटोक्रोम सी : आत असताना

आता आपल्या नायकाकडे येऊ. सायटोक्रोम सी हे सुमारे १०४ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रथिन आहे. त्याच्यात लोह असलेला 'हीम' नावाचा भाग असतो. तंतुकणिकेला दोन पटलं असतात, एक बाहेरचं आणि एक आतलं. या दोन पटलांच्या मधल्या फटीत हे प्रथिन राहतं. इलेक्ट्रॉन एकीकडून उचलायचा आणि दुसरीकडे पोचवायचा, हे त्याचं काम. हे थांबलं तर ऊर्जानिर्मिती थांबेल. म्हणजे आत असताना ते पेशीला जगवतं.

बाहेर आल्यावर काय होतं?

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात शियाओडाँग वांग आणि त्यांचे सहकारी पेशीमृत्यू सुरू करणारा घटक शोधत होते. हाती लागलं ते सायटोक्रोम सी! जगवणारंच प्रथिन मारणारं निघालं.

घडतं ते असं. पेशीच्या डीएनएचं फार नुकसान झालं की 'बॅक्स' नावाचं प्रथिन जागा सोडतं. एरवी ते पेशीद्रव्यात गप्प असतं. आता ते तंतुकणिकेच्या बाहेरच्या पटलावर जाऊन बसतं आणि तिथे छिद्रं पाडतं. त्यातून सायटोक्रोम सी पेशीद्रव्यात येतं. तिथे त्याला 'अपाफ-१' हे प्रथिन भेटतं. अशा सात जोड्या मिळून चाकासारखी एक रचना तयार होते. या चाकावर कॅस्पेज-९ हे विकर जागं होतं, ते कॅस्पेज-३ ला जागं करतं आणि मग पेशीतली प्रथिनं कापली जाऊ लागतात. डीएनएचेही तुकडे होतात.

चुलीतला विस्तव अन्न शिजवतो, तोच बाहेर पडला तर घर पेटवतो. तसंच हे. पण एक फरक लक्षात घ्या. आग वाटेल तशी पसरते, अपॉप्टोसिस मात्र शिस्तीत होतो. पेशी आकसते, तिचे पटलात गुंडाळलेले छोटे तुकडे होतात आणि शेजारच्या किंवा भक्षक पेशी ते गिळून टाकतात. आतलं काही बाहेर सांडत नाही, म्हणून आजूबाजूला सूजही येत नाही.

एक चांगली शंका

'सर, सायटोक्रोम सी तयार तर पेशीद्रव्यातच होतं. मग तेव्हाच पेशी का मरत नाही?' अशी शंका तुम्हाला यायला हवी. उत्तर मोठं सुंदर आहे. पेशीद्रव्यात तयार होतं तेव्हा त्याला हीम जोडलेलं नसतं. ते जोडलं जातं तंतुकणिकेत गेल्यावर. हीम नसलेलं प्रथिन अपाफ-१ ला जागं करू शकत नाही. म्हणून बाहेर हीमसकट सायटोक्रोम सी दिसलं, की पेशीला एकच अर्थ कळतो : तंतुकणिका फुटली आहे. प्रथिनाची जागा हाच इथे संदेश ठरतो.

दार उघडलंच नाही तर?

तंतुकणिकेच्या बाहेरच्या पटलावर 'बीसीएल-२' हे राखणदार प्रथिन असतं. ते बॅक्ससारख्या प्रथिनांना अडवून धरतं. एका प्रकारच्या लसिका-कर्करोगात गुणसूत्र १८ वरचं त्याचं जनुक तुटून गुणसूत्र १४ वर जाऊन बसतं. तिथे ते जास्तच काम करू लागतं आणि राखणदार वाढतात. मग सायटोक्रोम सी आतच अडकतं आणि जी पेशी मरायला हवी ती जगत राहते. कर्करोग म्हणजे पेशी भराभर वाढणं एवढंच आपण ऐकलेलं असतं. वेळेवर न मरणं हीसुद्धा त्याची एक बाजू आहे. बीसीएल-२ ला रोखणाऱ्या 'व्हेनेटोक्लॅक्स' या औषधाला २०१६ मध्ये अमेरिकेत एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. मूलभूत संशोधन रुग्णापर्यंत पोचतं ते असं.

तेव्हा यापुढे एखाद्या प्रथिनाचं नाव वाचलंत, की 'ते काय करतं?' एवढ्यावर थांबू नका. 'ते कुठे असताना काय करतं?' असं विचारा.

विचार करा :
१) बॅक्स पेशीद्रव्यातच राहिलं, तर सायटोक्रोम सीचं काय होईल?
२) तंतुकणिकेला फक्त 'ऊर्जाघर' म्हणणं पुरेसं आहे का? तुम्ही तिला कोणतं नवं टोपणनाव द्याल?

उत्तरं वहीत लिहा आणि वर्गात चर्चा करा.