डोईवरचे जग (भाग ६) : सावलीतही न उतरणारे पागोटे

टोप्या आणि पगड्या का आल्या, असे विचारले की पहिले उत्तर हवामानाचे मिळते: उन्हाच्या मुलखात पागोटे, थंडीच्या मुलखात कानटोपी, पावसाच्या मुलखात इरले. हे उत्तर पुरेसे असेल, तर ते वऱ्हाडात सर्वांत आधी पटायला हवे. मे २०२४ मध्ये अकोला जिल्ह्यात उन्हामुळे कलम १४४ लावावे लागले, एवढा इथला उन्हाळा कडक. पण वऱ्हाडातल्याच डोक्यांकडे नीट पाहिले, तर हवामानाचे कारण अर्ध्या वाटेवर थांबते. त्यासाठी एक साधी कसोटी लावता येते. उन्हातून सावलीत आल्यावर डोक्यावरून काय उतरते आणि काय उतरत नाही?

उतरतो तो दुपट्टा. वखरवाहीला गेलेला माणूस हापशीवर दुपट्टा भिजवतो, अर्धवट पिळतो, डोक्याला गुंडाळताना दोन्ही कान झाकून घेतो आणि उरलेले टोक नाकावरून आडवे नेऊन खोचतो. इथली हवा कोरडी, म्हणून कापडातले पाणी भराभर उडते आणि उडताना डोक्याची उष्णता घेऊन जाते. दमट कोकणात हीच युक्ती एवढी साधणार नाही. कान झाकायचे ते झळांसाठी. धुऱ्यावरच्या निंबाखाली बसला की हाच माणूस दुपट्टा सोडतो, त्यानेच तोंड पुसतो आणि तोच अंथरून आडवा होतो. पावसाळ्यातला पोत्याचा घोंगताही असाच ओसरीत येताच डोक्यावरून निघतो. हवामानासाठी घेतलेली वस्तू हवामान बदलताच बाजूला होते.

पागोट्याचे तसे नाही. ते बैठकीत, लग्नाच्या मांडवात, ऐन हिवाळ्यातही डोक्यावरच राहते. डिसेंबर १८९७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीला भरले. अध्यक्ष होते शंकरन नायर आणि यजमान मंडळींत अग्रभागी होते दादासाहेब खापर्डे. वऱ्हाडातल्या डिसेंबरात डोके झाकण्याएवढे ऊन नसते. तरी त्या पिढीच्या सभांत उघड्या डोक्याने बसणे अशिष्टच ठरले असते, आणि पगडीच्या घडीवरून प्रांत, पुष्कळदा जातही ओळखू येई. युरोपात याच्या नेमके उलट: तिथे पुरुषाने आदर दाखवायचा तो हॅट काढून. हवामानाचा यात संबंध असता, तर एकाच छपराखाली दोन समाज असे परस्परविरुद्ध वागले नसते.

यावर आक्षेप येईल की पागोट्याचे जाड वेढे उन्हापासून राखतातच. राखतात, यात शंका नाही. पण मग तुर्की फेझचे काय? तिला कडाच नाही, डोळ्यांवर सावली पडत नाही. तरी १८२९ मध्ये सुलतान दुसऱ्या महमूदने सरकारी नोकरांना पागोटे सोडून फेझ घालायला लावली आणि १९२५ मध्ये मुस्तफा केमालने कायदा करून तीच फेझ उतरवली. त्या शतकभरात तुर्कस्तानचे ऊन बदलले नव्हते, राज्य बदलले होते. शोलाच्या भेंडाची, रुंद काठाची साहेबी टोपी तर खास उन्हासाठीच होती, असे कोणी म्हणेल. पण तिच्याशिवाय गोऱ्या माणसाचे डोके हिंदुस्थानात टिकणार नाही ही समजूत पक्की असताना त्याच उन्हात लाखो माणसे एका फडक्यावर काम करत होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांनी ती टोपी बाजूला ठेवली आणि काही बिघडले नाही. आणखी जवळचा, अधिक बोचरा पुरावा हवा असेल, तर फेटा बांधून घोड्यावर बसलेल्या दलित नवरदेवावर हल्ला झाल्याच्या बातम्या देशात आजही येतात. ऊन अडवणाऱ्या कापडासाठी कोणी कोणाला मारत नाही.

डिसेंबर १९२० च्या नागपूर अधिवेशनानंतर गांधी टोपी पसरली, ती याच भाषेला उत्तर म्हणून. खादीची घडी, फेट्याच्या मानाने नगण्य कापड, आणि जात सांगणारी एकही चुणी नाही. उन्हासाठी ती जवळजवळ निरुपयोगी, तरीही सरकारी अधिकाऱ्यांना ती खुपली. मोझरीच्या गुरुकुंजातून तुकडोजी महाराजांच्या सेवकांनी घेतलेली भगवी टोपी त्याच वाटेची: सामुदायिक प्रार्थनेला बसलेल्या रांगेत पाटील कोण आणि सालदार कोण, हे डोक्यावरून कळू नये.

गाडगेबाबा याहून पुढे गेले. १८७६ मध्ये शेंडगावला परीट कुटुंबात जन्मलेल्या डेबूजीने १९०५ मध्ये घर सोडले, आणि अंगावर चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर मातीचे फुटके गाडगे असा वेश घेतला. भाकर मागायची ती त्याच गाडग्यात. जिथे माणसे घराण्याची पत बांधून मिरवत, तिथे त्यांनी भिक्षेचे भांडे ठेवले, आणि लोक त्या डोक्यासमोर नमले. यात विक्षिप्तपणा शोधणाऱ्यांनी त्यांचे कीर्तन आठवावे. जातीपातीवर आणि कर्ज काढून केलेल्या बडेजावावर ते जे बोलत, तेच त्यांच्या डोक्यावर होते.

ही कसोटी सर्वांत कठोरपणे लागू होते ती बायकांना. अमरावतीत दुचाकीवरून जाणाऱ्या मुली उन्हाळ्यात डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने बांधतात आणि कॉलेजच्या दारात तो सोडून पिशवीत टाकतात. घरातल्या सुनेचा पदर मात्र स्वयंपाकघरात, चुलीच्या धगीतही डोक्यावर राहत आला, कारण ओसरीवर सासरे बसलेले असत. तो केवळ आदर होता, असे म्हणणारे आजही भेटतात. आदरच असता, तर तो मुलाकडून आणि जावयाकडूनही चुलीपुढे बसवून मागितला गेला असता. पुरुषाचे पागोटे त्याचा मान वाढवत होते, बाईचा पदर तिच्यावरचा अधिकार दाखवत होता. वऱ्हाडातल्या पुष्कळ घरांत तो आता खांद्यावर आला आहे. तो खाली आणायला हवामान नाही, मुलींचे शिक्षण आणि त्यांची कमाई कारणी लागली.